तीन तासांनी पाणी १० अंशांवर? गार होणाऱ्या पाण्याचे गणित कोठे चुकले?

विरजण | शनिवार, रात्री ९.१२

नमस्कार. आमच्या घरी रोज दोन लिटर दुधाचे दही लागते. तापवलेले दूध विरजण घालण्याइतके कोमट होण्यास किती वेळ लागेल, हे दर वेळी बोट बुडवून पाहण्याऐवजी एकदाच गणिताने ठरवावे असे मनात आले. दुधाआधी पाण्यावर प्रयोग केला. स्टीलच्या पातेल्यात लिटरभर गरम पाणी घेऊन, पंखा बंद ठेवून, दर दहा मिनिटांनी डिजिटल तापमापकाने नोंद घेतली. सुरुवातीला ८६ अंश सेल्सिअस, त्यानंतर अनुक्रमे ७१, ६०.५, ५३.५, ४८.५, ४५ आणि तासाभराने ४२.५ अंश भरले.

या सात नोंदी मोबाइलमधील आलेखाच्या अ‍ॅपमध्ये भरून ‘एक्स्पोनेन्शियल रिग्रेशन’ (नोंदींना सर्वांत जवळचा घातांकी वक्र बसवणे) निवडले, तेव्हा पुढील सूत्र मिळाले:

तापमान = ८० × (०.९८८५)^मिनिटे

सोबत निर्धारण गुणांक (सूत्र नोंदींशी किती जुळते ते सांगणारा आकडा; पूर्ण जुळणी म्हणजे १) ०.९६ दाखवला, म्हणून मला आनंद झाला. परंतु याच सूत्रात १८० मिनिटे घातली तर तापमान १० अंश येते. माझ्या स्वयंपाकघरात सध्या ३६ अंश आहेत. हे खरे असते तर सोलापुरात फ्रिज कोणी विकत घेतला नसता. कृपया चूक कोठे आहे ते सांगावे. नोंदी दोनदा तपासल्या आहेत.

कडकभाकरी | शनिवार, रात्री ९.२०

चूक नोंदींत नाही आणि अ‍ॅपमध्येही नाही. त्या अ‍ॅपने सोलापूरचा मे महिना पाहिलेला नाही, एवढेच.

वजाबाकी | शनिवार, रात्री ९.४१

कडकभाकरी यांनी गमतीने लिहिले असले तरी उत्तर तेच आहे. आपण अ‍ॅपला पाण्याचे तापमान दिले, खोलीचे दिले नाही. ‘अमुक गुणिले तमुकाचा घात’ या साच्यातील वक्र कालांतराने शून्याकडेच जातो, त्यामुळे हे पाणी अखेरीस शून्य अंशांवर येणार असे त्या सूत्राने आधीच गृहीत धरलेले असते. आपले पाणी मात्र ३६ अंशांकडे निघालेले आहे.

न्यूटनचा शीतनाचा नियम पाण्याच्या तापमानाविषयी नसून पाणी आणि सभोवताल यांच्या तापमानातील फरकाविषयी आहे, आणि घातांकी पद्धतीने कमी होतो तो हा फरक. लॉगरिदमला (लॉग, म्हणजे दिलेली संख्या मिळण्यासाठी पायाचा कितवा घात घ्यावा लागतो तो आकडा) हात न लावता आपल्याच नोंदींत हे पाहता येते. प्रत्येक नोंदीतून ३६ वजा केल्यास ५०, ३५, २४.५, १७.५, १२.५, ९ आणि ६.५ हे आकडे मिळतात. आता प्रत्येक आकड्याला त्याच्या आधीच्या आकड्याने भागावे. ०.७०, ०.७०, ०.७१, ०.७१, ०.७२, ०.७२ अशी उत्तरे येतात, म्हणजे दर दहा मिनिटांनी फरक पूर्वीच्या सुमारे सात-दशांश उरतो. मूळ तापमानांचा असाच भागाकार केला, तर तो ०.८३ पासून सुरू होऊन ०.९४ पर्यंत चढत जातो. जे गुणोत्तर स्थिर राहत नाही त्याला घातांकी साच्यात बसवू नये.

विरजण | शनिवार, रात्री १०.०५

वजाबाकी, मनःपूर्वक आभार. फरकाचे आकडे त्याच अ‍ॅपमध्ये भरले. आता ४९.१ × (०.९६६६)^मिनिटे असे सूत्र आले आणि निर्धारण गुणांक ०.९९९ च्या वर गेला. त्यात ३६ पुन्हा मिळवले की तीन तासांनंतरचे उत्तर ३६.१ अंश येते, ते पटण्यासारखे आहे.

एक शंका मात्र उरते. आधीचा ०.९६ हा गुणांकही वाईट नव्हता. शंभरपैकी शहाण्णव गुण मिळवणाऱ्या उत्तरावर अविश्वास दाखवायचा तरी कशाच्या आधारावर?

आलेखवही | रविवार, सकाळी ७.३०

हा प्रश्न मूळ प्रश्नाहून मोलाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अशा वेळी गुणांकाकडे न पाहता अवशेषांकडे पाहावे. प्रत्यक्ष नोंदीतून सूत्राने सांगितलेले तापमान वजा केल्यावर जे उरते त्याला अवशेष म्हणतात. आपल्या पहिल्या सूत्राचे अवशेष मी काढले, ते क्रमाने अधिक ६, उणे ०.२, उणे २.९, उणे ३, उणे १.८, अधिक ०.२ आणि अधिक २.६ अंश असे आहेत. दोन्ही टोकांना धन आणि मध्ये ऋण, म्हणजे आलेखावर ठेवले तर वाटीचा आकार दिसतो. तापमापकाच्या किंवा वाचनाच्या चुका असत्या तर त्या विस्कळीत दिसल्या असत्या, रांगेने वाटी करून बसल्या नसत्या. अवशेषांत आकार दिसला की सूत्राचा साचाच चुकीचा आहे असे समजावे.

दुसऱ्या सूत्राचे अवशेष अधिक ०.९, शून्य, उणे ०.४, उणे ०.२, उणे ०.१, शून्य आणि अधिक ०.१ असे आहेत. यातही किंचित आकार आहे. विशेषतः सुरुवातीचा ०.९ मला खटकतो, परंतु त्याचे कारण गणितात नसून पातेल्यात असावे.

टीपकागद | रविवार, सकाळी ९.०२

मी थोडे वेगळे मत मांडतो. एवढ्या खटाटोपाची आवश्यकता नाही. याच सात नोंदींना मी वर्गसूत्र, म्हणजे द्विघाती बहुपदी, बसवली. निर्धारण गुणांक ०.९९७ मिळाला, खोलीचे तापमानही द्यावे लागले नाही आणि लॉगही लागला नाही.

आलेखवही | रविवार, सकाळी ९.४०

टीपकागद, आपले सूत्र तासाभरापुरते खरोखरच चांगले दिसते. परंतु त्यात ५९ वे मिनिट ओलांडून पाहावे. अन्वस्ताचा, म्हणजे द्विघाती सूत्राच्या वाटीसारख्या वक्राचा, तळ तेथेच येतो, आणि त्यानंतर पाणी आपोआप तापू लागते. मी आकडेमोड करून पाहिली, दोन तासांनी ते सुमारे ८९ अंशांवर पोहोचते, म्हणजे आरंभीच्या ८६ अंशांपेक्षाही अधिक.

कडकभाकरी | रविवार, सकाळी ९.४६

टीपकागद यांनी हे सूत्र त्वरित पेटंट करावे. गॅस सिलिंडरचा प्रश्न सुटला.

टीपकागद | रविवार, सकाळी १०.११

मान्य. शब्द मागे घेतो. नोंदींच्या मर्यादेतील जुळणी आणि मर्यादेबाहेरील अंदाज या दोन गोष्टी मी एकच समजत होतो.

जुना_मास्तर | रविवार, सकाळी ११.१५

बारावीला भौतिकशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणे मला शक्य झाले नाही. प्रयोगशाळेत कॅलरीमापीत (उष्णता मोजण्याच्या भांड्यात) गरम पाणी घेऊन शीतनवक्र, म्हणजे वेळेनुसार उतरत्या तापमानाचा आलेख, काढण्याचा प्रयोग आम्ही दर वर्षी करून घेत असू. बोर्डाच्या लेखी परीक्षेत गणकयंत्र चालत नाही, लॉगची कोष्टके चालतात, त्यामुळे विद्यार्थी लॉगला गुणाकार सोपा करण्याचे साधन एवढेच समजतात. १६१४ मध्ये स्कॉटिश गणिती जॉन नेपियरने लॉगरिदम प्रसिद्ध केले ते मुख्यतः त्याच हेतूने. येथे मात्र लॉगचे काम वेगळे आहे, तो वक्राची सरळ रेषा करतो.

विरजणताईंचे फरक घेऊन त्यांचे नैसर्गिक लॉग (e, म्हणजे सुमारे २.७१८, या पायाचे) पाहू: ३.९१, ३.५६, ३.२०, २.८६, २.५३, २.२० आणि १.८७. प्रत्येक पायरीला सुमारे ०.३४ ची घट आहे. हे बिंदू आलेखकागदावर मांडून पट्टी ठेवली की रेषेचा चढ मिनिटाला उणे ०.०३४ येतो. अ‍ॅपही आतून बहुधा हेच करते: लॉग घेते, सरळ रेषा बसवते आणि पुन्हा उलट फिरवून आपल्याला घातांकी रूप दाखवते. ०.९६६६ या संख्येचा नैसर्गिक लॉग घेतला तर तोच उणे ०.०३४ मिळेल.

हा चढ एकदा हाती आला की अर्धकाळही काढता येतो. २ चा नैसर्गिक लॉग ०.६९३ आहे, त्याला ०.०३४ ने भागले की २०.४ मिनिटे येतात. याचा अर्थ पाणी दर वीस मिनिटांनी निम्मे गार होते असा नव्हे, तर खोलीशी असलेला त्याचा फरक दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. या एका वाक्यासाठी मी कितीतरी वर्षे गुण कापले आहेत.

उंबरठा | रविवार, दुपारी १२.३०

मास्तर, एक अडचण विचारते. माझ्या मुलीने हाच प्रयोग केला, परंतु शेवटच्या नोंदीच्या वेळी पाणी खोलीच्याच तापमानावर आले होते. फरक शून्य झाला आणि लॉग घेताच गणकयंत्राने चूक दाखवली. ती नोंद काढून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल का?

जुना_मास्तर | रविवार, दुपारी १.०५

अप्रामाणिकपणाचे नाही, परंतु ती का काढली हे वहीत लिहावे. शून्याचा लॉग अस्तित्वात नाही. त्याच्या जवळपासचे आकडेही फसवे असतात. तापमापकाची चूक अर्ध्या अंशाची धरू. फरक ५० अंशांचा असताना या चुकीने लॉगमध्ये शतांशाएवढाच बदल होतो. फरक १ अंशाचा असेल तर तोच अर्धा अंश लॉगला अधिक ०.४१ पासून उणे ०.६९ पर्यंत कोठेही नेऊ शकतो, आणि समाश्रयणाची (रिग्रेशनची) पद्धत दोन्ही नोंदींना सारखेच वजन देते. म्हणून फरक तीन-चार अंशांवर आला की नोंदी थांबवाव्यात असे मी सांगत असे. विरजणताईंनी ६.५ वर थांबून योग्यच केले.

रंगारी_अक्कलकोटरोड | रविवार, दुपारी ३.५०

आमचा सूत रंगवण्याचा व्यवसाय आहे. चादरी आणि टॉवेल यांच्या सुताला रंग दिल्यावर सैल रंग काढण्यासाठी साबणाच्या जवळजवळ उकळत्या पाण्यातून लडी काढाव्या लागतात आणि नंतर ते पाणी गार होण्याची वाट पाहावी लागते. हौदातील पाणी ९० वरून ६० अंशांवर आल्याशिवाय आम्ही ते सोडत नाही. नवीन आलेला मुलगा दर वेळी विचारतो, ‘तीस अंश उतरायला एवढा वेळ लागला, मग आणखी दहा अंश उतरायला त्याच्या एक-तृतीयांश वेळ लागेल ना?’ वडील त्याला ‘लागेल तेव्हा कळेल’ एवढेच सांगत.

हा धागा वाचून आज प्रथमच कागदावर मांडले. शेडमध्ये ३६ अंश धरले तर ९० ते ६० म्हणजे फरक ५४ वरून २४ वर येणे. ५४ भागिले २४ चा नैसर्गिक लॉग ०.८१ आहे. ६० ते ५० म्हणजे फरक २४ वरून १४ वर, त्याचा लॉग ०.५४. म्हणजे शेवटच्या दहा अंशांना एक-तृतीयांश नव्हे, तर दोन-तृतीयांश वेळ लागतो. हौदाचा चढ किती हे ठाऊक नसतानाही हे प्रमाण काढता आले, याचे मला नवल वाटले.

थंडीत शेड २४ अंशांवर असते. तेव्हा ९० ते ६० साठी ६६ भागिले ३६ चा लॉग घ्यावा लागतो, तो ०.६१ येतो. वडील म्हणत की थंडीत पाऊण वेळात काम होते. ०.६१ भागिले ०.८१ म्हणजे पाऊणच. त्यांनी लॉगचे कोष्टक कधी उघडले नव्हते.

वजाबाकी | रविवार, दुपारी ४.२०

रंगारी यांचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत उत्तम वाटला. एकच पुस्ती जोडतो. दोन्ही ऋतूंत चढ तोच राहतो असे यात गृहीत आहे. उघड्या हौदातून वाफ जात असल्यामुळे ते काटेकोरपणे खरे नाही, तथापि प्रमाण काढताना ही चूक बरीचशी कटते.

कडकभाकरी | रविवार, सायंकाळी ५.३३

आता माझी गंभीर शंका. आमच्या दारातील माठातील पाणी खोलीपेक्षा चांगलेच गार असते. न्यूटनच्या नियमाप्रमाणे पाणी खोलीच्या तापमानापर्यंत येऊन थांबावयास हवे. म्हणजे माठाला नियम ठाऊक नाही, किंवा विरजणताईंचे ते पहिले सूत्र माठासाठी होते.

आलेखवही | रविवार, सायंकाळी ६.१५

शंका गमतीची नाही, कारण सकाळी मला खटकलेल्या ०.९ चे उत्तर तिच्यातच आहे. माठाच्या अंगावर पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि त्या वाफेसाठी लागणारी उष्णता माठातूनच जाते. त्यामुळे माठातील पाणी हवेच्या तापमानाकडे न जाता ओल्या बल्बाच्या तापमानाकडे, म्हणजे ओले फडके गुंडाळलेला तापमापक वाऱ्यात दाखवतो त्या तापमानाकडे, झुकते. हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर हे तापमान सुमारे २३ अंश असते. प्रत्यक्षात माठ तेथपर्यंत पोहोचत नाही, कारण बाहेरची उष्णता आत येतच राहते. कोकणातील दमट हवेत हेच दोन आकडे जवळ येतात, म्हणून आपल्याकडील माठाचा गारवा तेथे मिळत नाही. तरीही दहा अंश हे सोलापूरच्या माठालाही जमणार नाही.

आता पातेल्याकडे येऊ. ८६ अंशांच्या उघड्या पाण्यातून पुष्कळ वाफ जाते, ४५ अंशांवर ती बरीच कमी होते. म्हणून सुरुवातीला पाणी नियमापेक्षा थोडे वेगाने गार होते. वजाबाकी यांनी काढलेली गुणोत्तरे ०.७० पासून ०.७२ कडे सरकतात ती याच कारणाने. झाकण ठेवून प्रयोग केला तर ही सरक कमी व्हावी.

जुना_मास्तर | रविवार, सायंकाळी ७.००

आलेखवही यांच्याशी सहमत. न्यूटनने हा विचार १७०१ मध्ये स्वतःचे नाव न देता लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्याने तापलेले लोखंड स्तब्ध हवेत न ठेवता एकसारख्या वाहत्या वाऱ्यात ठेवले होते. ती अट महत्त्वाची आहे. पुढे १८१७ मध्ये ड्यूलाँ आणि पेती या फ्रेंच संशोधकांनी दाखवून दिले की तापमानातील फरक मोठा असेल तर हा नियम तंतोतंत लागू पडत नाही.

म्हणून ताई, आपण पंखा बंद ठेवला याचे मला किंचित वाईट वाटले. मंद पण स्थिर वारा असता तर रेषा कदाचित अधिक सरळ आली असती.

विरजण | रविवार, रात्री ८.१०

मास्तर, पंखा लावला असता तर गॅस विझला असता आणि सासूबाईंनी मलाच स्तब्ध हवेत उभे केले असते.

एक अवांतर प्रश्न. याच तापमापकाने उकळत्या पाण्याचे तापमान साडेअठ्ठ्याण्णव दाखवले. तो दीड अंश कमी दाखवतो असे समजून सर्व नोंदींत दीड मिळवावा का?

वजाबाकी | रविवार, रात्री ८.२५

मिळवू नये. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते. आपला तापमापक प्रामाणिक आहे.

उंबरठा | रविवार, रात्री ९.०५

खोलीचे तापमान नोंदवावयाचे राहूनच गेले असेल तर काय करावे? मुलीच्या वहीत नेमके तेच नाही, आणि प्रयोग उद्या द्यावयाचा आहे.

आलेखवही | रविवार, रात्री ९.३०

नोंदी समान अंतराने घेतलेल्या असतील तर मार्ग आहे. समान अंतरावरील तीन नोंदी घ्याव्यात. पहिली आणि तिसरी यांच्या गुणाकारातून मधलीचा वर्ग वजा करावा, आणि त्याला पहिली अधिक तिसरी वजा मधलीची दुप्पट या संख्येने भागावे. येणारे उत्तर म्हणजे सभोवतालचे तापमान. फरक समान गुणोत्तराने घटतात एवढ्या एकाच गोष्टीवरून हे सिद्ध होते. मुलीने स्वतः सिद्ध करून पाहावे.

विरजणताईंच्या ८६, ५३.५ आणि ४२.५ या नोंदी घेतल्या तर वर ७९२.७५ आणि खाली २१.५ येते, म्हणजे उत्तर ३६.९ अंश. प्रत्यक्षात ३६ होते. परंतु सावध राहावे, मधली नोंद ५३.५ ऐवजी ५३ असती तर हेच उत्तर ३७.६ आले असते. अर्ध्या अंशाच्या चुकीने पाऊण अंश हलतो.

आणखी एक पडताळा आहे. खोलीचे तापमान खऱ्यापेक्षा कमी धरले तर लॉगचा आलेख शेवटी आडवा होत जातो, अधिक धरले तर तो शेवटी खाली कोसळतो. रेषा सरळ दिसेपर्यंत आकडा पुढेमागे करून पाहावा.

विरजण | मंगळवार, रात्री १०.२०

मूळ प्रश्न दुधाचा होता, म्हणून आज दुधावर प्रयोग केला. दोन लिटर दूध, नेहमीचे पातेले, खोली ३६ अंश. गॅसवरून उतरवून नोंद घेतली तेव्हा ८५, पन्नास मिनिटांनी ५५. या दोनच नोंदींवरून चढ काढला: ४९ भागिले १९ चा लॉग ०.९४७, त्याला ५० ने भागून मिनिटाला सुमारे ०.०१९. पाण्यापेक्षा हा बराच कमी आहे. दूध दुप्पट होते आणि वर सायही धरली होती, त्यामुळे ते अपेक्षितच असावे.

मला दूध ४३ अंशांवर हवे होते. तेव्हा फरक ७ राहील. ४९ भागिले ७ म्हणजे ७, त्याचा लॉग १.९४६. त्याला चढाने भागल्यावर १०३ मिनिटे, म्हणजे एक तास ४३ मिनिटे आली. तितका वेळ बोट न बुडवता थांबले. तापमापक लावला तेव्हा ४३ च्या थोडे वर होते, बरोबर ४३ व्हायला एक तास ५० मिनिटे लागली. सात मिनिटांची चूक वाफेच्या खात्यावर टाकली आहे.

खोली २४ अंशांवर असताना, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, याच पातेल्याला किती वेळ लागेल तेही काढून ठेवले: ६१ भागिले १९ चा लॉग १.१६६, म्हणजे एक तास दोन मिनिटे.

रंगारी_अक्कलकोटरोड | मंगळवार, रात्री १०.४१

जानेवारीत हा धागा अवश्य वर काढावा. मीही हौदाच्या नोंदी घेऊन येतो.

वजाबाकी | मंगळवार, रात्री १०.५५

आणि तेव्हा खोलीचे तापमान आरंभी व शेवटी असे दोनदा लिहून ठेवावे. जानेवारीच्या संध्याकाळी तासाभरात खोलीही गार होत असते.